बावीस ओळींचं भांडण: नमुन्याच्या कोडमधली चूक ही चूक असते का?

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरी दोन पोरं दुपारी चारपासून ताटं मांडेपर्यंत बावीस ओळींवरून भांडत होती. एक माझा भाचा. नोकरी पुण्याची, काम सांगलीतून. दुसरा त्याचा कॉलेजातला मित्र, मिरजेचा, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला मिरजकरच म्हणतात. दोघं मिळून मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी छोटं सॉफ्टवेअर करतायत. काट्यावर पोतं ठेवलं की वजन आपोआप संगणकात यायचं आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती, तयार व्हायची, एवढंच काम. काटा बनवणाऱ्या कंपनीने काट्यासोबत बावीस ओळींचा सॅम्पल कोड दिला होता.

भाचा म्हणत होता, ह्यात बग आहे. मिरजकर म्हणत होता, अजिबात नाही.

भाकरी थापता थापता आईने बराच वेळ ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "अरे, एवढं शिकलाय. चूक हाय का न्हाई, एवढंबी कळंना व्हय तुम्हाला?"

प्रश्न बिनतोड होता. गणिताचं उत्तर चूक की बरोबर हे चौथीतलं पोरगं सांगतं. मग आठ-दहा वर्षं हाच धंदा करणारी दोन माणसं समोरच्या बावीस ओळींवर एकमत का करू शकत नाहीत? हल्ली तर संगणकाला मराठीतून सांगितलं तरी तो कोड लिहून देतो. म्हणजे ज्यांचा ह्या धंद्याशी काही संबंध नव्हता त्यांच्याही हातात आता दुसऱ्याने लिहिलेला कोड येतोय. तेव्हा हे भांडण नीट समजून घेतलेलं बरं.

तहसीलबाहेरचा नमुना अर्ज

कोड म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना. सॅम्पल कोड म्हणजे "आमची वस्तू अशी वापरायची" हे दाखवण्यासाठी वस्तू बनवणाऱ्याने दिलेला सूचनांचा छोटा नमुना. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे अर्जाचे नमुने असतात ना, तसाच. "मी, अ. ब. क., राहणार अमुक, तालुका तमुक". त्यातून अर्जाचा साचा कळतो, मजकूर ज्याचा त्याने घालायचा. (आपला सातबारा हा 'गाव नमुना सात' आणि 'गाव नमुना बारा', पण तिथे नमुना म्हणजे ठरलेला तक्ता. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि पुढचं निम्मं भांडण ह्याच घोळातून निघतं.)

बग म्हणजे कोडमधला दोष. शब्दाचा अर्थ किडा. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क 2 ह्या संगणकाच्या एका रिलेत, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या बटणात, खराच पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवला. शब्द तिथूनच आला असं सगळीकडे सांगतात, ते काही खरं नाही. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची आहे. पतंगाखाली लिहिलेल्या ओळीचीही गंमत तीच होती, की ह्या वेळी खरोखरीचा किडा सापडला.

वजन तुकड्यांनी येतं

आता त्या बावीस ओळी.

काट्याकडून संगणकाकडे वजन एका वायरीतून येतं, एका वेळी एक अक्षर. ह्या काट्याचा वेग 9600 बॉड होता, म्हणजे ढोबळमानाने सेकंदाला 960 अक्षरं, एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद. आपल्याला हे झटक्यात वाटतं. संगणकाच्या हिशेबाने मात्र दोन अक्षरांच्या मधे त्याची एक डुलकी काढून होते.

पोत्याचं वजन 62.40 किलो असेल, तर काटा शून्य, सहा, दोन, टिंब, चार, शून्य आणि शेवटी 'ओळ संपली' अशी खूण पाठवतो. सॅम्पल कोड काय करत होता? वायरीवर काही आलंय का बघायचं, जे आलंय ते उचलायचं, त्याचा आकडा करायचा, की झालं. 'ओळ संपली' ही खूण यायची वाट तो बघतच नव्हता.

फोनवर कोणी आपला मोबाईल नंबर सांगतोय आणि लिहून घेणाऱ्याने सहा आकडे ऐकून फोन ठेवून दिला, असा हा प्रकार. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, कारण मधली यंत्रणा अक्षरं साठवते आणि गठ्ठ्याने पुढे देते. कंपनीच्या टेबलावर सगळी ओळ एकाच गठ्ठ्यात येत असणार, म्हणून तिथे चाललं. अडत दुकानातला संगणक जुना, त्याला वायर जोडायला मधे एक यूएसबीचा कन्व्हर्टर. तिथे गठ्ठा कधी कुठे तुटेल, सांगता येत नाही.

शून्य-सहा एवढंच आलं तर 6 किलो. ते दिवाणजींच्या लगेच लक्षात येईल, कारण हळदीचं भरलेलं पोतं सहा किलोचं नसतं हे हमालही सांगेल. पण गठ्ठा टिंबाच्या आधी तुटला तर 62. मागून आलेलं .40 वेगळं वजन म्हणून वाचलं जाणार आणि कोणीतरी ते फालतू समजून पुसून टाकणार. 62 ला कोण शंका घेईल? भाव किलोला 150 रुपये धरला तर त्या एका पोत्यामागे शेतकऱ्याचे 60 रुपये गेले. डोळ्यात भरणारी चूक बरी, ही खरी वाईट.

भाच्याने पन्नास वेळा वजन करून बघितलं, तेव्हा तीनदा असं झालं. तिथून भांडणाला तोंड फुटलं.

मग मिरजकर नाही कसं म्हणतो?

तो वेडा नाही. त्याचं म्हणणं असं: "काट्याला संगणक कसा जोडायचा आणि वजन कुठल्या रूपात येतं, एवढं दाखवायचं नमुन्याचं काम. ते त्याने केलं. उद्या वायर निघाली तर काय, लाईट गेली तर काय, दोन काटे असतील तर काय, हे सगळं त्यात कोंबलं तर बावीसच्या दोनशे ओळी होतील. मग त्यातून मुद्द्याची गोष्ट शोधायला आणखी एक नमुना लागेल."

ह्यात तथ्य आहे. शिकवताना सगळेच थोडं खोटं बोलतात. शाळेत गणितात हौदाला दोन नळ जोडतात, तेव्हा हौद गळतो का हे कोणी विचारत नाही.

भाच्याचं उत्तर: "वायर निघण्याचं सोड. वजन तुकड्यांनी येणं हा अपघात नाही, ती वायर तशीच चालते. ओळ संपेपर्यंत थांब, हे सांगायला तीन ओळी पुरल्या असत्या. वजन वाचायचा नमुना म्हणून दिलंय आणि वजनच चुकीचं वाचतंय."

दोघंही कोडबद्दल बोलत होते, पण वाद कोडचा नव्हता. ह्या बावीस ओळींनी कबूल काय केलं होतं, हा होता. बग म्हणजे कबूल केलेलं आणि प्रत्यक्षात झालेलं ह्यांच्यातली तफावत. झालेलं सगळ्यांना दिसतं. कबूल केलेलं नमुन्याच्या कोडमध्ये बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. ते मग प्रत्येक जण आपापल्या मनातलं वाचतो.

आयर्विनला किती पाणी?

हे सांगलीकरांना पुलावरून चटकन कळेल. पावसाळ्यात आपण सकाळी उठून आधी हेच विचारतो. 1929 सालच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही कृष्णेची इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, ते कोणी विसरलेलं नाही.

समजा एखाद्याने पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आणला, सोबतचा सॅम्पल कोड घेतला आणि भोंगा जोडला. कोडमध्ये लिहिलंय, पातळी 40 पेक्षा जास्त झाली की भोंगा वाजव. पाणी बरोबर 40 वर आलं तर? वाजणार नाही. बग का? ज्याने तो नमुना कुठल्याशा टाकीसाठी लिहिला त्याच्या लेखी टाकी 40 ला काठोकाठ भरते आणि त्यापुढे सांडते, म्हणून भोंगा 40 नंतरच हवा. नदीकाठच्या माणसाला तो 40 लाच हवा. ओळ एकच, टाकीला बरोबर, नदीला चूक.

ह्याहून मजेशीर भानगड फूट-इंचांची. आपल्याकडे पातळी फूट आणि इंचांत सांगतात, 39 फूट 9 इंच, 39 फूट 10 इंच. ही पातळी कोणी संगणकात 39.9 आणि 39.10 अशी भरली, तर संगणक 39.10 ला 39.1 समजतो. म्हणजे त्याच्या मते 9 इंचांवरून 10 इंचांवर जाताना पाणी उतरलं! काठावरची माणसं जनावरं सोडायला लागली असतील आणि पडद्यावर पूर ओसरतोय. इथे नमुना लिहिणाऱ्याची काडीचीही चूक नाही, त्याने दशांश आकडे गृहीत धरले होते. चूक नमुना आपल्या गावात आणताना झाली. ह्या प्रकारात मी डोळे झाकून मिरजकरच्या बाजूने.

मोठमोठे लोक लिहितात, त्यांच्याकडून चूक होईल का?

होते. त्यातलं एक उदाहरण असं, की ते वाचल्यापासून मी कुठल्याही कोडला 'शंभर टक्के बरोबर' म्हणणं सोडलं.

शब्दकोशात शब्द कसा शोधता? मधलं पान उघडायचं. शब्द त्याच्या आधीचा असेल तर डावा भाग घ्यायचा, नंतरचा असेल तर उजवा. उरलेल्याचं पुन्हा मधलं पान. संगणकही असंच शोधतो, ह्याला बायनरी सर्च म्हणतात. ही पद्धत पहिल्यांदा 1946 साली छापून आली, आणि कितीही लांबीच्या यादीला बिनचूक चालणारी छापील आवृत्ती यायला 1960 उजाडलं. हे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ ह्यांनी नोंदवून ठेवलंय. (हे नुथ म्हणजे आपल्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला 2008 पर्यंत 2.56 डॉलरचा चेक देणारे. बहुतेक लोक तो वटवायचे नाहीत, चौकटीत लावून ठेवायचे.)

पुढे जॉन बेंटली ह्यांच्या 1986 सालच्या पुस्तकात हीच पद्धत आली, बरोबर असल्याच्या सिद्धतेसकट. जावा ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत तयार कोडचा जो अधिकृत साठा मिळतो, त्यातली आवृत्ती जोशुआ ब्लॉक ह्यांनी लिहिली. 2006 साली ब्लॉक ह्यांनी स्वतःच जाहीर केलं, की दोन्हींत एकच बग आहे आणि जावात तो नऊएक वर्षं पडून होता.

बग कुठे? 'मधलं पान' काढण्यात. पहिलं पान अधिक शेवटचं पान, भागिले दोन. गणित चोख. पण त्या प्रकारच्या आकड्यासाठी संगणकाने ठेवलेल्या जागेत जास्तीत जास्त 2,14,74,83,647 एवढाच आकडा मावतो. बेरीज त्याच्यापुढे गेली की स्कूटरच्या जुन्या मीटरसारखं होतं, सगळे नऊ संपले की पुन्हा शून्य. इथे तर शून्यही नाही, थेट उणे आकडा. शब्दकोशाचं उणे पान कुठून उघडणार?

हे घडायला यादीत 107 कोटींहून जास्त नोंदी लागतात. 1986 च्या संगणकात एवढ्या नोंदी मावतच नव्हत्या. तेव्हा तो बग होता का? मिरजकर म्हणेल, नव्हता, वीस वर्षांनी झाला. भाचा म्हणेल, होताच, फक्त कोणाला भेटला नव्हता. मला दोघांचं पटतं, आणि म्हणूनच ह्या लोकांची भांडणं संपत नाहीत.

नमुना तर आहे, जसाच्या तसा कोण उतरवतं?

सगळे. टायपिस्टकडच्या नमुन्यातलं 'अ. ब. क.' तसंच ठेवून अर्ज देणारी माणसं असतात, आणि सॉफ्टवेअरवाले त्यांच्याहून शहाणे नाहीत.

कोड लिहिणारे एकमेकांना प्रश्न विचारतात त्या स्टॅक ओव्हरफ्लो ह्या संकेतस्थळावर 2010 साली एकाने फाईलचा आकार वाचता येईल अशा रूपात दाखवणारा जावाचा छोटा तुकडा टाकला. 2018 च्या एका अभ्यासात निघालं, की तिथल्या जावाच्या तुकड्यांत सगळ्यात जास्त उतरवलेला हाच. दुसऱ्या वर्षी लिहिणाऱ्याने पुन्हा तपासला तर त्यात चूक. 9,99,999 बाइटला तो एक मेगाबाइट म्हणण्याऐवजी '1000 किलोबाइट' म्हणत होता. 59 मिनिटं 60 सेकंद म्हणावं तसं. चूक किरकोळ, पण ती त्या तुकड्याबरोबर घरोघर पोचलेली.

दुसरं उदाहरण किरकोळ नाही. 2017 साली संशोधकांनी लोकप्रिय शिकवणी पानांवरचे सदोष तुकडे घेतले आणि गिटहब ह्या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या, पीएचपी ह्या भाषेतल्या 64,415 प्रकल्पांत त्यांच्यासारखा कोड शोधला. 117 ठिकाणी सुरक्षेतली भोकं सापडली, त्यातली काही तर जवळपास शब्दशः उतरवलेली. शिकवणाऱ्याने सोपं करून सांगायचं म्हणून कुलूप वगळलं, शिकणाऱ्याला वाटलं दार असंच असतं.

आता कोड लिहून देणारी जी साधनं आली आहेत, ती ह्याच उघड्यावर पडलेल्या कोडवर शिकली आहेत. चांगला कोड शिकली, नमुन्यातल्या सवलतीही शिकली. आणि नमुन्याच्या माथ्यावर निदान 'नमुना' असं लिहिलेलं तरी असायचं.

चूक कळली की दुरुस्त करून मोकळं व्हायचं, त्यात काय?

एक्सेल उघडा, तारखेच्या जागी 29 फेब्रुवारी 1900 लिहा. तो निमूटपणे घेईल. असा दिवस कधी उगवलाच नाही. शंभराने भाग जाणारं वर्ष चारशेनेही भागलं गेलं तरच लीप, त्यामुळे 2000 लीप होतं, 1900 नव्हतं. ही चूक लोटस 1-2-3 ह्या एक्सेलच्या आधीच्या, तशाच तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमधली. लोटसच्या फायली आपल्याकडे नीट चालाव्यात म्हणून एक्सेलवाल्यांनी ती जाणूनबुजून घेतली. आज ती काढली तर जगभरच्या जुन्या तक्त्यांतल्या तारखा एका दिवसाने सरकतील. म्हणून ती अजून आहे, आणि आता तिला बग म्हणायचं की रीत, ह्यावरही दोन मतं आहेत.

काट्याच्या नमुन्याचंही तेच. तो वापरून कोणीतरी आपली दुरुस्ती वर चढवून ठेवली असेल. मूळ बदललं की त्याचं मोडणार.

मग भरपाई कोणाकडे मागायची?

बहुतेक सॅम्पल कोडच्या माथ्यावर बारीक अक्षरांत एक मजकूर असतो: हे जसं आहे तसं दिलंय, कसलीही हमी नाही. एमआयटी परवाना नावाचा जो मजकूर जगभर चालतो, त्याचाही मथितार्थ हाच. 'गेलेला माल परत घेतला जाणार नाही' ही दुकानातली पाटी आठवा. त्यामुळे पट्टीत 60 रुपये कमी लागले, तर शेतकरी भांडणार अडत्याशी, अडत्या ह्या दोन पोरांशी, आणि पोरांनी काटेवाल्याकडे बोट दाखवलं तर तो वरची बारीक अक्षरं दाखवणार.

काटेवाल्याने ओळ संपायची वाट बघायला हवी होती असं माझं मत. त्याला आपली वायर कशी चालते हे माहीत होतं, वाचणाऱ्याला माहीत नव्हतं. पण मत एवढंच, हक्क काही नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी वाद बाजूला ठेवून एक गोष्ट केली, ती मला आवडली. काटा बाजूला केला आणि त्याच्या जागी दुसरा लॅपटॉप जोडून त्यातून वजन मुद्दाम तुकड्या-तुकड्यांनी पाठवलं. आधी एकेक अक्षर, मग टिंबाच्या आधी तोडून, मग टिंबानंतर तोडून, मग दोन वजनं एकमेकांना चिकटवून. जुन्या कोडने 62, 0.40, 6, 2.40 असं वाटेल ते वाचलं. चिकटलेल्या दोन वजनांवर तर तो बंदच पडला. मग ओळ संपेपर्यंत अक्षरं साठवणाऱ्या ओळी घातल्या. भाच्याच्या अंदाजाने तीन लागणार होत्या, लागल्या सात. ह्यावर मिरजकर बराच वेळ हसत होता. कोडच्या माथ्यावर त्यांनी लिहून ठेवलं: एका वेळी एकच काटा, वजन किलोत, ओळ पूर्ण आल्याशिवाय आकडा धरायचा नाही.

कंपनीला ईमेलही केला. आठवड्याने दोन वाक्यांचं उत्तर आलं. "त्रुटी निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार. सदर कोड केवळ नमुन्यादाखल आहे."

भाच्याने पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. मिरजकरने दुसरं.